एम्प्रेस मिल : एका महासंस्थेची अनिश्चिततेशी सव्वाशे वर्षांची झुंज

व्यक्तीच्या आयुष्यात जशी सुगी आणि अवर्षण येतात, तशीच ती संस्थेच्या आयुष्यातही येतात. लहान दुकान वाऱ्याची दिशा पाहून रातोरात आपला माल बदलू शकते. हजारो माणसांचा संसार जिच्यावर चालतो अशा मोठ्या संस्थेला मात्र ते साधत नाही. तिचे वजन हेच तिचे बळ असते आणि तेच तिचे ओझेही असते. उद्या काय होणार हे ठाऊक नसताना अशा संस्था कशा तगतात आणि कशामुळे खचतात, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी नागपूरकरांना दूर जावे लागत नाही. रेल्वे स्थानक आणि गांधीसागर तलाव यांच्या परिसरात सव्वाशे वर्षे ज्या गिरणीच्या भोंग्यावर शहराने आपली घड्याळे लावली, त्या एम्प्रेस मिलचा इतिहास हेच त्याचे उत्तर होय.

१ जानेवारी १८७७ रोजी ही गिरणी सुरू झाली. त्याच दिवशी दिल्ली दरबारात व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याची द्वाही फिरली आणि त्यावरून गिरणीला ‘एम्प्रेस’ हे नाव मिळाले. २००२ मध्ये ती कायमची बंद पडली. या दोन तारखांच्या मधल्या काळात दुष्काळ, प्लेग, दोन महायुद्धे, जागतिक मंदी, राज्यांची पुनर्रचना आणि सरकारी धोरणांची अनेक वळणे येऊन गेली. पूर्वार्धात गिरणीने ती समर्थपणे पेलली. उत्तरार्धात तिला ती पेलवली नाहीत. हा फरक कशामुळे पडला, हे समजून घेणे उद्‌बोधक ठरेल.

सट्ट्याने दिलेला धडा

एम्प्रेस मिलची कथा सुरू होते ती मुंबईच्या कापूस बाजारातून. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला. लँकेशायरच्या गिरण्यांनी हिंदी कापसाकडे धाव घेतली. वऱ्हाड-नागपूरचा कापूस सोन्याच्या मोलाने विकला जाऊ लागला, मुंबईत पैशाचा पूर आला आणि कंपन्या व बँका पावसाळ्यातील छत्र्यांसारख्या उगवल्या. या लाटेवर स्वार झालेले सर्वांत मोठे नाव म्हणजे सुरतेच्या जैन कुळातील प्रेमचंद रायचंद. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर त्यांच्याच दानातून उभा राहिला आणि त्याला त्यांच्या मातोश्रींचे नाव मिळाले.

१८६५ मध्ये युद्ध थांबले. कापसाचे भाव कोसळले आणि त्यांच्यासोबत बँका, कंपन्या व घराणीही कोसळली. प्रेमचंदांना जबर फटका बसला. नसरवानजी टाटा यांच्या पेढीचीही तीच गत झाली. त्यांचे चिरंजीव जमशेटजी त्या वेळी विशी ओलांडलेले तरुण होते आणि पेढीच्या कामासाठी विलायतेस गेलेले होते. भावावर बांधलेली श्रीमंती भावासोबतच जाते, हे त्यांनी प्रत्यक्ष अनुभवले. पुढे १८६८ च्या ॲबिसिनिया मोहिमेतील पुरवठ्याच्या मक्त्याने घराण्याला पुन्हा उभारी मिळाली. त्याच सुमारास जमशेटजींनी चिंचपोकळीची एक बंद पडलेली तेलगिरणी विकत घेऊन तिचे कापडगिरणीत रूपांतर केले आणि काही काळाने ती नफ्याने विकली. त्यानंतर त्यांनी लँकेशायरमध्ये जाऊन हा धंदा मुळापासून अभ्यासला.

दलदलीच्या जागेचा निर्णय

त्या काळी गिरणी काढायची तर मुंबईतच, असा सर्वांचा समज होता. बंदर, यंत्रांची दुरुस्ती, भांडवल आणि कामगार हे सारे तेथे उपलब्ध होते. जमशेटजींनी मात्र वेगळा हिशेब मांडला. कापूस वर्धा-हिंगणघाटच्या पट्ट्यात पिकतो, तो मुंबईला जातो आणि त्याचेच कापड मध्य प्रांतात परत येते. या जाण्या-येण्याचा खर्च वाचवता येत असेल, तर भावाच्या चढउताराला तोंड देण्यासाठी गिरणीच्या हाती थोडा अधिक वाव राहील. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६७ मध्ये नागपुरास पोहोचली होती. वरोऱ्याचा कोळसाही जवळच होता. नागपूर ही १८६१ पासून मध्य प्रांताची राजधानी होती आणि हातमागावर विणणाऱ्या कोष्टी समाजाची मोठी वस्ती येथे असल्याने सुताला गिऱ्हाईक घरातच होते.

१८७४ मध्ये १५ लाख रुपयांच्या भांडवलावर ‘सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी’ची स्थापना झाली. जुम्मा तलावाजवळची, म्हणजे आजच्या गांधीसागराजवळची, सखल आणि दलदलीची जागा स्वस्तात मिळाली. भराव घालून ती उंच करावी लागली. त्या वेळी एका स्थानिक सावकाराने भांडवल देण्यास नकार दिला, कारण जमिनीत सोने पुरणाऱ्यास पैसा कोण देणार, असे त्यास वाटले. पुढे गिरणीची भरभराट पाहून या माणसाने माती टाकून सोने काढले, अशी कबुली त्याने दिल्याची आख्यायिका टाटांच्या चरित्रांतून सांगितली जाते.

व्यवस्थापक निवडतानाही जमशेटजींनी रूढ वाट सोडली. बेझनजी दादाभाई मेहता हे रेल्वेच्या मालवाहतूक खात्यातील अधिकारी होते. कापडधंद्याचा त्यांना गंधही नव्हता. परंतु माल, माणसे आणि वेळ यांचा मेळ घालण्याची शिस्त त्यांच्या अंगी मुरलेली होती. यंत्रांचे ज्ञान जेम्स ब्रुक्सबी यांनी पुरवले. ठाऊक असलेल्या कामासाठी तज्ज्ञ आणि ठाऊक नसलेल्या प्रसंगांसाठी शिकण्यास तयार असलेला माणूस, अशी ही जोडी होती. बेझनजींनंतर त्यांचे पुत्र सोराबजी यांनी ही धुरा वाहिली. इंदोऱ्याकडील बेझनबाग ही वस्ती आजही त्या घराण्याची आठवण करून देते.

प्रयोग लहान, निर्णय मोठा

सुमारे ३० हजार चात्या आणि ४५० माग घेऊन गिरणी सुरू झाली खरी, पण आरंभ समाधानकारक नव्हता. खर्च वाचवण्यासाठी घेतलेली यंत्रे कमी प्रतीची निघाली आणि सूत व कापड यांचा दर्जा साधेना. अशा वेळी मोठ्या संस्था बहुधा आपला पहिला निर्णय बरोबरच होता हे सिद्ध करण्यात वर्षे घालवतात. एम्प्रेस मिलने तसे केले नाही. नवी यंत्रे मागवण्यात आली आणि नफ्याचा मोठा भाग वाटून न टाकता यंत्रसामग्रीच्या सुधारणेकडे वळवण्यात आला.

याच वृत्तीतून ‘रिंग फ्रेम’चा प्रसिद्ध प्रयोग घडला. त्या काळी लँकेशायरमध्ये ‘म्यूल’ पद्धतीने सूत काढले जाई. या यंत्राचा गाडा पुढे येताना धागा ओढला व पिळला जाई आणि मागे जाताना तो गुंडाळला जाई. म्हणजे काम टप्प्याटप्प्याने चाले आणि त्यासाठी मुरलेला कातणारा लागे. अमेरिकेत निघालेल्या रिंग पद्धतीत पिळणे आणि गुंडाळणे अखंड चालत असे. यंत्र सोपे होते आणि नवशिका कामगारही ते थोड्या काळात शिकू शकत असे. इंग्लंडमधील कारखानदारांचा या नव्या पद्धतीवर विश्वास नव्हता. प्लॅट ब्रदर्स या मातब्बर कंपनीने उत्साह दाखवला नाही, तेव्हा ब्रुक्स अँड डॉक्सी या कंपनीकडे मागणी नोंदवण्यात आली.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, सारी गिरणी एका दिवसात बदलली गेली नाही. आधी मोजकी यंत्रे आणून नागपूरच्या हवेत, नागपूरच्या कापसावर आणि नागपूरच्याच कामगारांच्या हातून ती चालवून पाहण्यात आली. प्रयोग फसला असता तर नुकसान थोडे झाले असते. तो यशस्वी झाल्यावर मात्र हात आखडता घेतला गेला नाही. लँकेशायर म्यूललाच बिलगून राहिले आणि हिंदी गिरण्या रिंगकडे वळल्या. या बदलाची अग्रेसर गिरणी नागपूरची होती. येथील कोरड्या हवेत धागा वारंवार तुटे, म्हणून आर्द्रता राखणारी यंत्रे बसवण्यात आली. कापसाच्या गिरणीला आगीचे भय सदैवच असते, म्हणून पाण्याचे स्वयंचलित फवारेही बसवले गेले. संकट केव्हा येईल हे कोणास सांगता येत नाही. परंतु ते कोठून येईल याचा अंदाज बांधून तयारी करता येते, हे या गिरणीने दाखवून दिले.

माणसांची अस्थिरता

यंत्रांपेक्षाही मोठी अनिश्चितता माणसांची होती. गिरणीचा कामगार हा मुळात शेतीशी बांधलेला होता. पेरणी, कापणी, लग्नसराई, जत्रा यांच्या दिवसांत हजेरी घटे आणि माग रिकामे पडत. दंड व धाकदपटशा हा त्या काळचा सर्वमान्य उपाय होता. एम्प्रेस मिलने त्याऐवजी कामगाराला गिरणीत टिकून राहावेसे का वाटावे, हा प्रश्न स्वतःला विचारला. चांगल्या कामासाठी वार्षिक बक्षीस समारंभ सुरू झाले. १८८६ मध्ये निवृत्तिवेतन निधी आणि १८९५ मध्ये अपघात भरपाईची योजना सुरू झाली. १९०१ मध्ये भविष्यनिर्वाह निधीची सोय झाली. देशात अपघात भरपाईचा कायदा १९२३ मध्ये आणि भविष्यनिर्वाह निधीचा कायदा १९५२ मध्ये झाला, हे ध्यानात घेतले म्हणजे या पावलांचे महत्त्व कळते.

यात दयाबुद्धी होती तसाच व्यवहारही होता. कामगाराच्या घरातील अनिश्चितता कमी झाली की गिरणीतील अनिश्चितता आपोआप कमी होते, हे त्यामागील सूत्र होते. याच दृष्टीने सुशिक्षित तरुणांना उमेदवार म्हणून घेऊन व्यवस्थापनाचे शिक्षण देण्याची प्रथा पाडण्यात आली. १८८६ मध्ये जमशेटजींनी मुंबईजवळ कुर्ल्याची डबघाईला आलेली धरमसी मिल घेतली आणि तिचे ‘स्वदेशी मिल’ असे नामकरण केले. ती सावरताना त्यांना जड गेले, तेव्हा मदतीस आली ती नागपुरात तयार झालेली अनुभवी माणसेच. यंत्रे विकत मिळतात, कर्जही मिळते. तयार माणसे मात्र आधीच घडवून ठेवावी लागतात.

दुष्काळ, प्लेग आणि कर

एकोणिसाव्या शतकाची अखेर मध्य प्रांतासाठी भयंकर ठरली. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ पाठोपाठ आले. कापूस घटला आणि ग्रामीण गिऱ्हाइकाची खरेदीशक्तीही संपली. त्यापाठोपाठ प्लेगने शहरे ओस पाडली. त्यातच १८९६ मध्ये सरकारने हिंदी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी कर लादला. लँकेशायरच्या हितासाठी बसवलेला हा कर १९२५ पर्यंत उठला नाही. चीनच्या बाजारात हिंदी सुताला जपान मागे सारू लागला होता.

ज्या गिरण्यांची सारी भिस्त चीनच्या सूतबाजारावर होती, त्यांना हा काळ फार जड गेला. एम्प्रेस मिलपाशी सूत आणि कापड या दोन्ही बाजू होत्या आणि देशांतर्गत गिऱ्हाईक पाठीशी होते. सर्व धान्य एकाच कणगीत न ठेवण्याची शेतकऱ्याची जुनी रीत येथे उपयोगी पडली. गिरणीचा विस्तार होत गेला आणि एकीच्या पाच गिरण्या झाल्या.

संग्रहालयातील नकाशा

अनिश्चिततेचे रूप नेहमी संकटाचेच असते असे नाही. कधी ती संधी होऊनही येते. नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयाशी, म्हणजे जुन्या नागपूरकरांच्या अजब बंगल्याशी, निगडित असलेला प्रसंग याची साक्ष देतो. पोलादाच्या कारखान्यासाठी चांदा जिल्ह्यात चाललेला शोध निष्फळ ठरला होता. १९०४ च्या सुमारास दोराबजी टाटा हे काम सोडत असल्याचे कळवण्यासाठी नागपुरात मध्य प्रांत सरकारच्या कचेरीत आले. चीफ कमिशनरांची भेट होण्यास अवकाश होता, म्हणून ते समोरच्या संग्रहालयात गेले. तेथे भूगर्भशास्त्राच्या नकाशावर दुर्ग भागातील लोहखनिजाच्या खुणा त्यांना दिसल्या. या भागाचे सर्वेक्षण प्रमथनाथ बोस यांनी पूर्वीच केले होते. खनिज उत्तम निघाले, परंतु कोळसा व पाणी जवळ नसल्याने तेथे कारखाना झाला नाही. पुढे त्याच बोस यांनी मयूरभंज संस्थानातील खनिजाची माहिती कळवली आणि १९०७ मध्ये टाटा पोलाद कंपनी जन्मास आली. दल्ली-राजहराचे ते खनिज स्वातंत्र्यानंतर भिलाईच्या कारखान्याच्या कामी आले.

हा केवळ दैवयोग म्हणून सोडून देणे योग्य नव्हे. नकाशा सर्वांसाठीच टांगलेला होता. परंतु हरल्याचे कळवण्यास निघालेल्या माणसाचे डोळे अद्याप उघडे होते, हे महत्त्वाचे.

पन्नाशीनंतर

१९२७ मध्ये एम्प्रेस मिलला पन्नास वर्षे पूर्ण झाली. त्या वेळी ती वैभवाच्या शिखरावर होती. तिच्या कामगारांसाठी इंदोरा भागात वसाहतीची योजना आकारास येत होती आणि मध्य प्रांतात तिच्या तोडीचा दुसरा कारखाना नव्हता. मात्र याच टप्प्यावर भोवतालचे जग बदलू लागले. जपानी कापडाची स्पर्धा, १९२९ नंतरची मंदी आणि संघटित होत असलेला कामगार ही नवी वास्तवे समोर आली. रामभाऊ रुईकर यांच्यासारख्या नेत्यांनी नागपुरात गिरणी कामगारांची चळवळ बांधली. बक्षिसे व निधी देणारी पितृभावाची व्यवस्था एकेकाळी काळाच्या पुढे होती. आता कामगाराला बक्षीस नव्हे तर हक्क हवा होता.

दुसऱ्या महायुद्धातील मागणीने धंद्याला तात्पुरती तेजी दिली. स्वातंत्र्यानंतर मात्र अनिश्चिततेचे स्वरूपच पालटले. पूर्वी ती आकाशातून आणि बाजारातून येई. आता ती धोरणांतून येऊ लागली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूरचे राजधानीपद गेले. हातमागाच्या रक्षणासाठी गिरण्यांनी नवे माग बसवण्यावर निर्बंध आले. त्या मोकळ्या जागेत हातमागापेक्षा यंत्रमागच अधिक वाढला. कमी खर्च, हलका कर आणि हवे तेव्हा बदलता येणारा माल हे त्याचे बळ होते. साठच्या दशकात ‘नियंत्रित कापड’ ठरावीक भावाने विणण्याचे बंधन आले. सुती कापडाची जागा टेरिलिन-पॉलिस्टर घेऊ लागले. १९७० मध्ये मॅनेजिंग एजन्सीची पद्धत कायद्याने संपली आणि गिरणीला मूळ घराण्याशी बांधणारा जुना धागा सैल झाला. टाटा समूहाचे लक्ष व भांडवल तोवर पोलाद, वाहने, रसायने अशा क्षेत्रांकडे वळलेले होते.

१९७७ मध्ये शताब्दी झाली, पण तेव्हा पायाखालची जमीन सरकत होती. यंत्रे जुनी झाली होती. ती बदलण्यास पैसा नव्हता आणि पैसा मिळवण्यास नवी यंत्रे नव्हती. एकेकाळी पहिली यंत्रे फसली तेव्हा ती तत्काळ बदलणारी हीच गिरणी होती. १९८६ मध्ये टाटांनी तिचा कारभार सोडला. हजारो कुटुंबांचा प्रश्न असल्याने राज्य सरकारने पाऊल उचलले आणि महाराष्ट्र राज्य वस्त्रोद्योग महामंडळाने ती पुढे चालवली. परंतु सरकारी आधाराने आयुष्य लांबले, प्रकृती सुधारली नाही. २००२ मध्ये भोंगा कायमचा थांबला. ज्या आवारात सूत निघत असे तेथे आज एम्प्रेस मॉल आणि निवासी इमारती उभ्या आहेत. नाव तेवढे जुने राहिले आहे.

इतिहासाचा बोध

या ऱ्हासाचा दोष एकाच कारणाच्या माथी मारणे सोपे आहे. धोरण चुकले, यंत्रमागाने गिळले, कामगार अडून बसले, मालकांनी पाठ फिरवली, अशी उत्तरे नागपुरात ज्याच्या त्याच्या बाजूने दिली जातात. अंधांनी चाचपलेल्या हत्तीप्रमाणे यांतील प्रत्येक उत्तर अंशतः खरे आहे आणि एकटे कोणतेही पुरेसे नाही. देशभरातील जुन्या कापडगिरण्या याच सुमारास बंद पडल्या, म्हणजे वादळ सर्वांवर सारखेच आले होते हेही खरे. तरीसुद्धा पूर्वार्ध आणि उत्तरार्ध समोरासमोर ठेवले की एक फरक ठळकपणे दिसतो.

पूर्वार्धात गिरणीपाशी चुकण्याची ऐपत होती. नफ्यातील वाटा राखून ठेवलेला होता, प्रयोग लहान होते, माणसे तयार होती आणि निर्णय बदलण्याचा अधिकार जागेवर होता. उत्तरार्धात यांतील एकेक गोष्ट हातून निसटत गेली. राखीव पुंजी आटली, काय विणावे आणि किती विणावे हे ठरवणारा दुसराच झाला, आणि प्रयोग करण्याऐवजी आहे ते टिकवणे हेच ध्येय उरले. मोठी संस्था एका संकटाने सहसा मरत नाही. संकटातून शिकण्याची तिची शक्ती संपली म्हणजे ती मरते, आणि तिच्या मरणाची किंमत मोजतो तो तिच्यावर विसंबलेला सामान्य माणूस. एम्प्रेस मिल बंद पडली तेव्हा इंदोरा, गणेशपेठ, इतवारीच्या परिसरांतील किती घरांच्या चुली मंदावल्या, हे त्या पिढीच्या नागपूरकरांस सांगावे लागत नाही. कामगाराच्या पगारावर चालणारी किराणा, कापड आणि भांड्यांची दुकाने हेही त्याच साखळीचे दुवे होते.

म्हणूनच या गिरणीची स्मृती केवळ गतवैभव म्हणून जपणे पुरेसे नाही. कोणत्याही संस्थेच्या आयुष्यात पन्नासावे वर्ष हा मागे वळून पाहण्याचा क्षण असतो. एम्प्रेस मिलनेही तो क्षण अभिमानाने साजरा केला होता, आणि तो अभिमान सार्थच होता. त्या दिवशी तिच्या तिजोरीत पैसा होता, दारात माणसे होती, नाव सर्वतोमुखी होते. पुढील पन्नास वर्षांत मात्र पहिल्या पन्नास वर्षांची उत्तरे उपयोगी पडणार नव्हती. बेझनजींसारखा शिकाऊ वृत्तीचा माणूस नेमणे, कामगाराच्या गरजेचा आधी विचार करणे, फसलेले यंत्र वेळीच बाजूला काढणे आणि सुगीच्या दिवसांत अवर्षणाची तरतूद करणे, या गोष्टी एकदा करून संपत नाहीत. त्या प्रत्येक पिढीला नव्याने कराव्या लागतात. नागपूरच्या मातीत उभ्या असलेल्या प्रत्येक लहानमोठ्या संस्थेसाठी एम्प्रेस मिलने मागे ठेवलेला हा वारसा आहे.